विश्लेषण : ‘काहीच घडत नाही’ अशा चित्रपटांत नेमके काय घडते? गिरगाव-दादर-लालबागचे ‘विचित्र’ चित्रपट का पाहावेत?

रात्रीची दादरची बाजारपेठ. माल उतरतो आहे, हातगाड्या चालल्या आहेत, फुटपाथवर माणसांची ये-जा सुरू आहे. या दृश्यांवर वेगवेगळ्या भाषांतले आवाज ऐकू येतात. मुंबईत कधी आलो, कसे राहिलो हे कुणीकुणी सांगत असते. अजून नायिका दिसलेली नाही, गोष्टही सुरू झालेली नाही. पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ असा सुरू होतो. मे २०२४ मध्ये या चित्रपटाला कान महोत्सवात ‘ग्रां प्री’ हा दुसऱ्या क्रमांकाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट निवडला जाण्याची ही ३० वर्षांतील पहिलीच वेळ होती.

तरीही असा चित्रपट घरी मोबाइलवर लावला की पंधराव्या मिनिटाला ‘यात काही घडतच नाही’ ही तक्रार ठरलेली. ‘कोर्ट’ आणि ‘द डिसायपल’ यांच्याबाबतही हेच ऐकू येते. यातील बरेच चित्रपट परदेशी महोत्सवांत गाजले, पण त्यांचा विषय चर्नी रोड ते करी रोड या पट्ट्यातला किंवा त्याच्या आसपासचा आहे. मग ते त्याच भागातील प्रेक्षकाला परके का वाटतात? ते कसे पाहावेत? आणि न पाहिल्यास काय बिघडते?

हे चित्रपट ‘विचित्र’ का वाटतात?

नेहमीच्या चित्रपटात काही गोष्टी गृहीत असतात. नायकापुढे अडचण उभी राहते आणि शेवटी ती सुटते. जो बोलतो त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा जातो. दर काही सेकंदांनी दृश्य बदलते. रडायचे कुठे आणि हसायचे कुठे, हे पार्श्वसंगीत सांगते. ‘वेगळे’ म्हटले जाणारे चित्रपट यातील एक किंवा अनेक गोष्टी काढून टाकतात.

कॅमेरा एका जागी ठेवून दोन-तीन मिनिटांचे दृश्य न तोडता दाखवले, तर कुठे पाहायचे हे प्रेक्षकाला स्वतः ठरवावे लागते. पुढे वकील बोलत असतो, पण मागच्या बाकावर कुणी तरी पेंगत असते. ती पेंगणारी व्यक्तीही गोष्टीचा भाग असते. सहा इंची पडद्यावर ती दिसतच नाही. त्यामुळे ‘संथ’ या तक्रारीतला काही वाटा चित्रपटाचा आणि काही वाटा पडद्याच्या आकाराचा असतो.

याची सुरुवात गिरगावात झाली?

एका अर्थाने, होय. दादासाहेब फाळके यांनी गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपणही चित्रपट करायचा हे ठरवले. १९१२ मध्ये ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन परतले. पण पैसे कोण देणार? भांडवल देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी एक छोटी फिल्म केली. त्यात राजा नव्हता, राणी नव्हती, संवाद तर नव्हतेच. कुंडीत लावलेला वाटाणा उगवतो आणि वाढतो, एवढेच त्यात होते.

तंत्र साधे होते. कॅमेरा एका जागी ठेवायचा, ठरावीक अंतराने थोड्या थोड्या फ्रेम घ्यायच्या आणि त्या सलग दाखवायच्या. अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत डोळ्यांसमोर होते. आज मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘टाइम लॅप्स’ या नावाने हीच सोय असते. ही फिल्म पाहून फाळके यांना कर्ज मिळाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही, म्हणून खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके यांना उभे करण्यात आले. आज ज्याला ‘प्रायोगिक’ आणि ‘अव्यावसायिक कलाकार’ म्हटले जाते, ते दोन्ही पहिल्याच खेपेला, गरजेतून आले.

सरकारी पैशांतून प्रयोग कसे झाले?

१९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे नाव काढले की अनेकांना मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवले जाणारे माहितीपट आठवतात. धरणे, लसीकरण, कुटुंब नियोजन हे त्यांचे नेहमीचे विषय. पण पेडर रोडवरील याच कार्यालयातून साठच्या दशकाच्या उत्तरार्धात देशातील अत्यंत धाडसी लघुपट बाहेर पडले.

प्रमोद पती यांचा ‘एक्सप्लोरर’ (१९६८) अवघ्या काही मिनिटांचा आहे. नाचणारी तरुण मुले, प्रयोगशाळा, देवदेवतांच्या प्रतिमा, अक्षरे हे सगळे इतक्या वेगाने आदळते की डोळे पाणावतात. ‘ट्रिप’ (१९७०) मध्ये मुंबईचा दिवस वेगाने पळवलेला आहे. ‘अबिद’ (१९७२) मध्ये चित्रकार आबिद सुरती एका खोलीत रंगकाम करतात. पण माणसाचेच फ्रेम-फ्रेमने चित्रीकरण केल्यामुळे ते बाहुलीसारखे सरकत राहतात. एस. एन. एस. शास्त्री यांच्या ‘आय ॲम ट्वेंटी’ (१९६७) मध्ये स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुणांना देशाविषयी काय वाटते, हे विचारले आहे. उत्तरे सरकारी माहितीपटात अपेक्षित नसतील इतकी मोकळी आहेत.

चित्रकारांनाही कॅमेरा मिळाला. एम. एफ. हुसेन यांच्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ (१९६७) या लघुपटाला बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. तैयब मेहता यांच्या ‘कूडल’ (१९७०) मध्ये वांद्र्याच्या कत्तलखान्यातील दृश्ये आहेत. त्यांच्या चित्रांतला कोसळणारा बैल ज्यांनी पाहिला असेल, त्यांना तो इथे वेगळ्या रूपात भेटतो. सरकारी संस्थेत हे शक्य झाले, कारण तिकीट खिडकीची चिंता नव्हती.

गिरणगाव पडद्यावर किती आले?

परळ-लालबागच्या गिरण्यांवर सरळ गोष्ट सांगणारे चित्रपट आहेत. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकावर आधारित महेश मांजरेकर यांचा ‘लालबाग परळ’ (२०१०) हे त्याचे ठळक उदाहरण. पण गिरणीचा विषय पडद्यावर येण्याचा इतिहास त्याहून जुना आणि अडचणींचा आहे. मुन्शी प्रेमचंद यांनी कथा लिहिलेला, मोहन भवनानी दिग्दर्शित ‘मिल’ अर्थात ‘मजदूर’ हा चित्रपट १९३४ मधला. गिरणी कामगारांच्या संघर्षामुळे त्यावर मुंबईत बंदी आली. आज त्याची प्रत उपलब्ध नाही.

कुमार शहानी यांचा ‘तरंग’ (१९८४) उद्योगपतीचे घर आणि कामगारवस्ती यांना समोरासमोर ठेवतो. अमोल पालेकर आणि स्मिता पाटील ही ओळखीची नावे असली, तरी पात्रे भावनेच्या भरात बोलत नाहीत, जवळपास पाठ केल्यासारखी बोलतात. हे मुद्दाम केलेले आहे. प्रेक्षकाने रडण्याआधी विचार करावा, हा त्यामागचा हेतू. जवळपास तीन तासांच्या या चित्रपटाने सुरुवात करू नये; पण दोन-चार चित्रपट पाहून सराव झाला की तो नक्की पाहावा.

सुरुवातीला सोपा आहे तो ‘साचा’ (२००१). अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा हा पाऊण तासाहून थोडा मोठा माहितीपट गिरणगावाकडे दोन माणसांच्या नजरेतून पाहतो. एक कवी नारायण सुर्वे आणि दुसरे चित्रकार सुधीर पटवर्धन. पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत. दिवसा माणसांची हाडे पाहणारा डॉक्टर उरलेल्या वेळात कामगारांची शरीरे रंगवतो. सुर्वे ज्या वस्तीत वाढले तिच्याविषयी बोलतात, तेव्हा मागे बंद गिरण्यांच्या चिमण्या दिसतात. यातील बरेच आज तिथे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतरचे गिरणगाव कसे दिसत होते, हे नव्या पिढीला दाखवायचे असेल तर हा माहितीपट उपयोगी पडतो.

‘कोर्ट’मध्ये वेगळे काय आहे?

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात ‘होरायझन्स’ विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणाचा असे दोन पुरस्कार मिळवले. पुढे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले आणि भारतातर्फे ऑस्करसाठीही तो गेला. कथा एका ओळीची आहे. लोकशाहीर नारायण कांबळे यांचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्यांच्यावर खटला चालवला जातो.

न्यायालयावरचा चित्रपट म्हटला की टेबलावर मूठ आपटणारे वकील आठवतात. इथे सरकारी वकील बाई जुन्या कायद्याची कलमे एका सुरात वाचत जातात. पुढची तारीख पडते. मग कॅमेरा त्यांच्याबरोबर लोकलमध्ये चढतो, पाळणाघरातून मूल घेऊन घरी जातो, स्वयंपाकघरात थांबतो. त्या वाईट नाहीत, क्रूर नाहीत. दमलेल्या आहेत. चित्रपटाचे म्हणणे इथेच आहे: एखाद्या माणसाला तुरुंगात सडवण्यासाठी खलनायकाची गरज पडतेच असे नाही.

मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष चुकवू नये. नवरा गटारात उतरण्याआधी आत दगड टाकायचा आणि झुरळ बाहेर येते का ते पाहायचा, असे ती सांगते. झुरळ आले म्हणजे आत हवा आहे. सुरक्षेचे साधन एवढेच. ही माहिती कुठल्याही संगीताशिवाय, चढ्या आवाजाशिवाय येते, म्हणून ती विसरता येत नाही.

कांबळे यांची भूमिका करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते होते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने त्यांचे निधन झाले. शेवटाकडे न्यायालयाला सुटी लागते, खोलीतले दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा होतो. इथे चित्रपट संपला असे समजून मोबाइल खाली ठेवू नये. खरा शेवट त्यानंतर आहे.

‘द डिसायपल’ कुणासाठी?

ताम्हाणे यांचा पुढचा चित्रपट ‘द डिसायपल’ २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता. त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. ‘रोमा’चे दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन कार्यकारी निर्माते होते. शरद नेरूळकर हा तरुण शास्त्रीय गायक मोठा कलावंत होण्यासाठी सगळे पणाला लावतो. पण आपल्यात तेवढी प्रतिभा आहे का, हा प्रश्न त्याला सोडत नाही.

गिरगाव-दादर पट्ट्याला ही गोष्ट परकी नाही. ऑपेरा हाउसजवळच्या देवधरांच्या संगीत विद्यालयात कुमार गंधर्व शिकले. लक्ष्मीबागेतील मैफली, दादर-माटुंग्यातील सभागृहे, पहिल्या रांगेतले जाणकार म्हातारे आणि मागच्या रिकाम्या खुर्च्या हे वातावरण चित्रपटात जसेच्या तसे आहे. प्रमुख भूमिकेतील आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड हे दोघेही खरे गायक आहेत. शरद रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवत एका दिवंगत गायिकेची व्याख्याने ऐकत राहतो. पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या या माईंना सुमित्रा भावे यांनी आवाज दिला आहे.

खेळ, चित्रपट आणि स्पर्धा परीक्षा यांच्या बहुतेक गोष्टी ‘मेहनत केली की यश मिळते’ असे सांगतात. मेहनत करूनही यश मिळाले नाही, तर माणसाने पुढे कसे जगायचे? हा प्रश्न विचारणारे चित्रपट फार कमी. स्पर्धा परीक्षेची चार-पाच वर्षे घालवलेल्या कुणालाही तो आतून समजेल, त्यासाठी रागांची माहिती असण्याची गरज नाही.

‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मधली पार्वती कोण?

या चित्रपटातील प्रभा आणि अनू या मल्याळी परिचारिकांविषयी बरेच लिहिले गेले. गिरणगावाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती पार्वती, छाया कदम यांनी साकारलेली. ती रुग्णालयात स्वयंपाक करते. नवरा गिरणी कामगार होता. तो गेल्यावर घराची कागदपत्रे तिच्याकडे नाहीत आणि बिल्डर तिला बाहेर काढू पाहतो. इतकी वर्षे राहिलेली जागा आपली आहे, हे सिद्ध करायला तिच्याजवळ काहीच नाही. वकिलाकडे फेऱ्या होतात, काही साधत नाही. अखेर ती आणि प्रभा रात्री उंच इमारतीच्या जाहिरात फलकावर दगड मारतात. एवढाच त्यांचा सूड. पार्वती रत्नागिरीकडे, आपल्या गावी परतते.

कॅमेरामन रणबीर दास यांनी पावसाळी मुंबई निळ्या रंगात टिपली आहे: ताडपत्री, लोकलमधले दिवे, ओले कपडे. गणपतीच्या गर्दीत पात्रे खरोखरच्या माणसांत मिसळून जातात. त्यामुळे कल्पित कथा कुठे संपते आणि माहितीपट कुठे सुरू होतो, हे कळत नाही. सुरुवातीच्या बाजारपेठेतील आवाजांचे कारणही इथे उलगडते. नायिका दिसण्याआधी शहर का दिसले? कारण अशा पार्वती अनेक आहेत.

हे चित्रपट न पाहिल्यास काय बिघडते?

ते हरवतात. ही अतिशयोक्ती नाही. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ प्रचंड चालला, तरी आज त्याची एकही प्रत नाही. जो चित्रपट चाललाच नाही, त्याची काय कथा?

चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ च्या सुमारास नेहरू फेलोशिपच्या पैशांतून नेपियन सी रोडवर कलावंतांसाठी कार्यशाळा सुरू केली. तिथे त्यांनी ‘सिझिजी’ ही केवळ रेषांची मूक फिल्म केली आणि ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ ही दुसरी. दुसरीची एकच प्रत होती. ती हरवली. पुढे दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींच्या आठवणींवरून ती पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला, त्याचा चित्रपट २०१६ मध्ये आला. मूळ फिल्म मात्र गेली ती गेलीच.

उलट उदाहरणही आहे. विजय तेंडुलकरांच्या नाटकावरील ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) हा चित्रपट पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांच्या ‘युक्त’ सहकारी संस्थेने केला. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप असे चौघे त्यामागे होते. ओम पुरी यांचा हा पहिला चित्रपट. अनेक वर्षे तो पाहायलाच मिळत नव्हता. बर्लिनच्या ‘आर्सेनल’ या संस्थेने प्रत जपून ठेवली होती, म्हणून तो पुन्हा लोकांसमोर आला. याच कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ १९८८ मध्ये तयार होऊनही चित्रपटगृहात लागायला २०१४ उजाडले. मधल्या काळात चाहत्यांनी एकमेकांना दिलेल्या खराब प्रतींवर तो जगला. स्वरूप यांनी पुढे अनेक वर्षे फाळके यांचा शोध घेतला आणि त्यावरील ‘रंगभूमी’ या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सुरुवात कुठून करावी?

पहिल्यांदाच पाहणाऱ्यांनी लहानापासून मोठ्याकडे जावे.

• पहिला दिवस : ‘एक्सप्लोरर’, ‘ट्रिप’, ‘अबिद’ आणि ‘आय ॲम ट्वेंटी’. फिल्म्स डिव्हिजनचे अनेक लघुपट यूट्यूबवर आहेत. लहान पडद्यावरही ते चालतात. कानाला हेडफोन हवा.

• दुसरा टप्पा : ‘साचा’. घरात गिरणीत काम केलेले आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासोबत पाहावा. मधेच थांबवून ‘हे कुठले’ असे विचारावे.

• तिसरा : ‘कोर्ट’, मग ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. शक्यतो टीव्हीवर. मोबाइलच असेल तर आडवा धरून, सूचना बंद करून, एका बैठकीत.

• चौथा : ‘द डिसायपल’. तो नेटफ्लिक्सवर आला होता. ओटीटीवरील यादी बदलत असते, त्यामुळे आधी शोधून घ्यावे.

• शेवटी : ‘घाशीराम कोतवाल’, ‘तरंग’, ‘ओम दर-ब-दर’.

मोठ्या पडद्यावर पाहायचे असल्यास १९६८ पासून काम करणाऱ्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांचे खेळ आणि मुंबईतील चित्रपट महोत्सव हा मार्ग आहे. पेडर रोडवर फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात २०१९ मध्ये सुरू झालेले भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालयही आहे. फाळके यांच्यापासूनचा प्रवास तिथे एका दिवसात पाहून होतो.

पहिल्या वीस मिनिटांत कंटाळा आला, तर तो येऊ द्यावा. ‘कोर्ट’मधले झुरळ आणि पार्वतीच्या हातातला दगड त्यानंतरच येतात.